ऋषीचं नाही, पण घोड्याचं कूळ विचारतात

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, असं आपल्याकडे म्हणतात. घोड्याच्या बाबतीत हा नियम कोणी पाळत नाही. महालक्ष्मीला किंवा पुण्याला शर्यतीच्या दिवशी जे छापील पुस्तक हातात पडतं, त्यात घोड्याच्या नावालगत त्याचे आईबाप दिलेले असतात आणि नेहमीच्या मंडळींना ते तोंडपाठ असतात. शर्यतीपुरता त्यामागचा तर्क सरळ आहे. बाप वेगवान, आई वेगवान, तर शिंगरूही वेगवान निघण्याची शक्यता जास्त. आणि निकाल द्यायला घड्याळ आहेच.

ड्रेसाज या घोडेस्वारीच्या खेळात घड्याळाने निकाल लागत नाही. साठ मीटर लांब, वीस मीटर रुंद अशा वाळूच्या मैदानात घोडा जागच्या जागी दुडकतो, तिरका सरकतो, एका ठिकाणी गोल फिरतो; तेही स्वाराचे हातपाय हललेले प्रेक्षकाला दिसू नयेत अशा बारीक खुणांवर. कडेला बसलेले पंच प्रत्येक हालचालीला ० ते १० गुण देतात आणि शेवटी टक्केवारी निघते. सर्वोच्च पातळीला ‘ग्रां प्री’ म्हणतात. त्या पातळीवर आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आठ वर्षांखालच्या घोड्याला उतरताच येत नाही, कारण तोवर शिकवणी पुरी होत नाही. म्हणजे हा सगळा शिकवणीचा खेळ. मग जर्मनी-हॉलंडमधले लोक शिंगरू पोटात असल्यापासून त्याच्या आजोबांची चर्चा का करतात? शिकवलेली विद्या रक्तातून उतरत नाही, हे तर शाळेत शिकवतात.

तरीही काही गोष्टी डोळ्याआड करता येत नाहीत. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये इसाबेल वेर्थच्या वाइहेगोल्ड या घोडीने वैयक्तिक रौप्य मिळवलं आणि क्रिस्टिना ब्रोरिंग-श्प्रेहेच्या डेस्पराडोसने कांस्य. ही दोन्ही जनावरं डोनरहाल या एकाच घोड्याची नातवंडं: एक डॉन शुफ्रोची मुलगी, दुसरा डी नीरोचा मुलगा, आणि डॉन शुफ्रो व डी नीरो हे डोनरहालचे मुलगे. त्याआधी चार वर्षं, लंडनमध्ये ब्रिटनच्या सुवर्णविजेत्या संघात तीन घोडे होते. त्यातले व्हॅलेग्रो आणि उथोपिया हे दोघे फेरो या डच घोड्याचे नातू. कांस्य जिंकणाऱ्या डच संघातला अंडरकव्हर तर फेरोचा सख्खा मुलगा. जगभरात दर वर्षी हजारो शिंगरं याच खेळासाठी जन्माला घातली जातात आणि वर पोचणारी मूठभर पुन्हा त्याच त्या घराण्यांतली निघतात.

रक्तातून काय उतरतं

बापाला येणारा पियाफ, म्हणजे जागच्या जागी दुडकणं, मुलाला येत नाही. मुलाला मिळतो तो सांगाडा, स्नायूंची ठेवण आणि स्वभाव.

आधी सांगाडा. मोकळ्या उभ्या घोड्याचं साधारण साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, कारण मान आणि डोकं पुढे असतं. ड्रेसाजची वरची पातळी म्हणजे हा भार हळूहळू मागच्या पायांवर घ्यायला शिकणं. मागचा भाग किंचित खाली बसतो, खांदे वर येतात. या स्थितीत जवळजवळ पुढे न सरकता दुडकणं म्हणजे पियाफ. तीच दुडकी उंच, संथ, प्रत्येक पावलाला हवेत रेंगाळत टाकली की पासाज. मागचे पाय जागेवर राखून कँटर या संथ दौडीत स्वतःभोवती फिरलं की पिरुएट. ज्या घोड्याच्या मागच्या पायांची हाडं अशा कोनात जुळलेली असतात की वरचे मोठे सांधे सहज दुमडतात आणि भार पेलून पुन्हा उसळतात, त्याला हे जमून जातं. सरळसोट मागच्या पायांच्या घोड्याला वर्षानुवर्षं राबवलं तरी तो पियाफपाशी अडतो. जबरदस्ती केली तर सांधे दुखावून बसतो. पायांचे हे कोन जन्मजात असतात. प्रशिक्षक ते बदलू शकत नाही.

मग चाल. दुडकीत घोड्याचे पाय तिरप्या जोड्यांनी पडतात: पुढचा डावा आणि मागचा उजवा एकत्र, मग उलट. या दोन जोड्यांच्या मधे एक निमिष चारही खूर जमिनीपासून सुटलेले असतात. ते निमिष जितकं ठसठशीत, तितके पंच खूश. शिकवणीने आणि ताकद वाढल्याने त्यात सुधारणा होते, पण आईमागे कुरणात पळणाऱ्या काही दिवसांच्या शिंगरातही ते डोळ्याला दिसतं. युरोपातला पैदासकार कुंपणाला रेलून तासन्‌तास बघत असतो ते हेच.

तिसरा स्वभाव, आणि तो सगळ्यांत अवघड. मैदानात हजारो लोक टाळ्या वाजवत असताना घोडा तापलाही पाहिजे आणि ऐकलाही पाहिजे. मंद घोडा पासाजला लागणारी धग दाखवत नाही. फार तिखट घोडा स्वाराच्या हातात राहत नाही. डोनरहाल पैदाशीत इतका मागणीत राहिला, यामागे त्याच्या मुलांची काम करण्याची तयारी हे मोठं कारण सांगितलं जातं. तो स्वतःही कारिन रेबाइनच्या हाताखाली वरच्या पातळीवर खेळला. १९९४ मध्ये द हेगच्या जागतिक स्पर्धेत त्याने वैयक्तिक कांस्य आणि सांघिक सुवर्ण मिळवलं.

यातलं किती वारशाने येतं, याचा हिशेब शास्त्रज्ञ मांडतात. घोड्या-घोड्यांमध्ये जो फरक दिसतो, त्यातला किती हिस्सा जनुकांमुळे आणि किती खाणं, शिकवणी, स्वार, दुखापती यांमुळे, असा हा प्रश्न. युरोपीय घोड्यांवरच्या अभ्यासांतून ढोबळमानाने असं दिसतं की तरुण घोड्याच्या दुडकीला मिळणाऱ्या गुणांत वारशाचा हिस्सा तीन-चार दशांशांच्या घरात असतो, तर प्रत्यक्ष स्पर्धेतल्या यशात एक-दोन दशांशच. वंशावळ चाल बऱ्यापैकी सांगते, पदक फारसं नाही. हा फरक विक्रेते क्वचितच बोलून दाखवतात.

चाल ठरवणारा एखादा जनुक हाती लागला म्हणजे काम झालं, असं वाटणं साहजिक आहे. २०१२ मध्ये स्वीडिश संशोधकांना आइसलँडच्या घोड्यांत तसा एक जनुक सापडलाही. त्यातल्या एका बदलामुळे घोडा एकाच बाजूचे दोन्ही पाय एकत्र टाकू शकतो. पण ती गोष्ट वेगळ्या चालीची. ड्रेसाजच्या दुडकीमागे शेकडो जनुकांचे बारीक बारीक हात आहेत, त्यातला कुठलाच एकटा फार काही करत नाही.

बत्तीस जोड्यांचा डाव

एकाच आईबापाची दोन शिंगरं. एक ऑलिम्पिकला जातं, दुसरं शेजारच्या मुलांना बसायला शिकवतं. असं का?

घोड्याच्या पेशीत ६४ गुणसूत्रं असतात, म्हणजे ३२ जोड्या. बापाच्या पत्त्यांच्या अशा ३२ जोड्या टेबलावर उपड्या मांडल्या आहेत असं समजा. प्रत्येक जोडीतला एक पत्ता डोळे मिटून उचलायचा. तसेच ३२ पत्ते आईच्या जोड्यांतून. हे ६४ पत्ते म्हणजे शिंगरू. एकट्या बापाच्या पत्त्यांतून अशा तऱ्हेने सुमारे ४२९ कोटी वेगवेगळे हात निघू शकतात, आणि आईचे तितकेच. प्रत्यक्षात याहूनही जास्त, कारण उचलण्याआधी जोडीतले पत्ते आपापसात तुकड्यांची अदलाबदल करतात. म्हणून ‘अर्धं रक्त बापाचं’ हे खरं असलं, तरी कोणतं अर्धं ते नशिबावर. आजोबांचा चौथा हिस्सा म्हणतात तो तर नुसती सरासरी. एखाद्या नातवात तो बराच कमी किंवा जास्त भरतो.

व्हॅलेग्रोची हकीकत यावर बोलकी आहे. तो २००२ मध्ये हॉलंडच्या झीलंड प्रांतात जन्मला. बाप नेग्रो, नेग्रोचा बाप फेरो. आई मायफ्लर, तिचा बाप गर्शविन आणि गर्शविनचा बाप व्होल्टेअर, जो अडथळ्यांवरून उड्या मारणाऱ्या घोड्यांचा जनक म्हणून नावाजलेला. फेरोच्या पूर्वजांतही उड्यांचे घोडे आहेतच. हॉलंडमध्ये नर शिंगरू पैदाशीसाठी ठेवायचं की नाही, हे परीक्षकांची समिती ठरवते. व्हॅलेग्रो त्या चाळणीत राहिला नाही. अडीच वर्षांचा असताना ब्रिटनच्या कार्ल हेस्टरने त्याला विकत घेतलं, त्याला खच्ची केलं गेलं आणि पुढे हेस्टरच्याच तबेल्यात काम करणारी शार्लट डुजार्डिन त्याच्यावर बसू लागली. लंडनमध्ये दोन सुवर्णं, रिओत आणखी एक. डिसेंबर २०१४ मध्ये लंडनच्या ऑलिम्पिया स्पर्धेत त्याने ग्रां प्रीत ८७.४६० आणि संगीतावरच्या फेरीत ९४.३०० टक्के मिळवून जागतिक विक्रम केले.

समितीला दोष द्यायचं कारण नाही. अडीच वर्षांच्या घोड्यात जे दिसतं त्यावरच तिला निर्णय द्यावा लागतो. कूळ तिच्यासमोर होतं. कोणते पत्ते आले आहेत, ते कळायला अजून सात-आठ वर्षं होती.

बंद दाराची घराणी, उघड्या दाराची घराणी

हे घोडे मुळात नाचण्यासाठी निर्माण झाले नाहीत. राजांना घोडदळ हवं होतं, शेतकऱ्यांना नांगर आणि गाडी. प्रशियाच्या पहिल्या फ्रीडरिश विल्हेल्म राजाने १७३२ मध्ये पूर्व प्रशियातल्या ट्राकेनन इथे सरकारी अश्वपैदास केंद्र उभारलं. तीन वर्षांनी, १७३५ मध्ये, हॅनोव्हरचा अधिपती आणि इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज याने चेले गावी दुसरं काढलं. चेलेचे नर घोडे आसपासच्या शेतकऱ्यांच्या घोड्यांना दिले जात, त्यामुळे दिवसा शेतात राबणाऱ्या घोडीच्या पोटी घोडदळाचं जनावर जन्माला येई. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टर आला, घोडदळं मोडली आणि या घोड्यांचं करायचं काय, असा प्रश्न पडला. उत्तर मिळालं हौशी स्वारीचं आणि खेळाचं. जडपणा कमी करायला शर्यतीचे थरोब्रेड आणि अरबी नर वापरले गेले. अशा मधल्या घडणीच्या घोड्यांना वॉर्मब्लड म्हणतात. त्यांच्या रक्ताच्या तापमानाशी याचा काही संबंध नाही.

प्रत्येक घराण्याची स्वतःची नोंदवही असते. हॅनोव्हर, ओल्डेनबर्ग, वेस्टफालिया, डेन्मार्क, हॉलंड यांच्या नोंदवह्यांची दारं उघडी आहेत: बाहेरचा चांगला घोडा परीक्षेत उतरला तर त्याला पैदाशीला घेतात. ट्राकेनन घराण्याचं, म्हणजे ट्राकेनर घोड्यांचं, दार जवळजवळ बंद. तिथे स्वतःच्या रक्ताखेरीज थरोब्रेड, अरबी आणि त्यांच्या जवळच्यांनाच प्रवेश.

त्या बंद दारामागे मोठी शोकांतिका आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात सोव्हिएत फौजा आल्या तेव्हा पूर्व प्रशियातले शेतकरी कुटुंबकबिल्यासह घोड्यांच्या गाड्या जुंपून पश्चिमेकडे निघाले. गोठलेल्या खाडीच्या बर्फावरून, विमानांच्या माऱ्याखाली. गाडीला जुंपलेल्या कित्येक घोड्या गाभण होत्या. हजारोंच्या संख्येतल्या नोंदणीकृत घोड्यांपैकी पश्चिम जर्मनीत उरल्या त्या हजाराच्या आत. आज ट्राकेनन रशियाच्या कालिनिनग्राद प्रांतात आहे आणि घराणं नांदतंय जर्मनीत.

आणि याच तुटपुंज्या शिल्लकीतून अलीकडची दोन थोर नावं आली. ग्रिबाल्डी हा ट्राकेनर नर डच नोंदवहीने पैदाशीसाठी घेतला. डच घोडी लोमिंकापासून त्याला २००० मध्ये टोटिलास झाला. एडवर्ड गालच्या हाताखाली २००९ मध्ये ड्रेसाजच्या इतिहासात ९० टक्क्यांचा उंबरठा ओलांडणारा पहिला घोडा तो. त्याच ग्रिबाल्डीला ट्राकेनर घोडीपासून ईझी गेम झाला आणि ईझी गेमची मुलगी डालेरा. येसिका फॉन ब्रेडो-व्हेर्नडलने या घोडीवर टोकियोत दोन आणि पॅरिसमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकली. उघड्या दारातून बाहेर पडलेला मुलगा आणि बंद दाराआड वाढलेली नात, आजोबा एकच.

चौकट: वंशावळ वाचताना

तक्ता डावीकडून उजवीकडे वाचायचा. वरचा अर्धा बापाकडचा, खालचा आईकडचा. बोलताना फक्त दोन नावं घेतात, बाप आणि आईचा बाप. व्हॅलेग्रो म्हणजे ‘नेग्रो–गर्शविन’.

नावापुढे ‘एक्सएक्स’ असेल तर ते थरोब्रेड, ‘ओएक्स’ असेल तर शुद्ध अरबी, ‘एए’ असेल तर अँग्लो-अरब.

हॉलंडमध्ये नावाचं पहिलं अक्षर जन्मवर्ष सांगतं. २००० ला टी (टोटिलास), २००१ ला यू (उथोपिया), २००२ ला व्ही (व्हॅलेग्रो). जर्मनीच्या बऱ्याच नोंदवह्यांत नराला बापाचं आद्याक्षर मिळतं: डोनरहाल, डी नीरो, डेस्पराडोस. ट्राकेनर घराण्यात मात्र आईचं: डार्क मॅजिकची डालेरा, एव्हिटाचा ईझी गेम.

नावामागचं ‘ओल्ड’ म्हणजे ओल्डेनबर्ग, ‘एफआरएच’ म्हणजे हॅनोव्हर. नावाआधीचं ‘टीएसएफ’ म्हणजे ट्राकेनर.

नावं बदलतात, विकली जातात, पुरस्कर्त्यांची बिरुदं चिकटतात. कायम राहतो तो जन्मावेळी मिळणारा पंधरा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक.

निपुत्रिक विजेते

शर्यतीच्या जगात डर्बी जिंकलेला नर दुसऱ्या दिवसापासून पैदाशीच्या किमतीने मोजला जातो. ड्रेसाजची गंमत निराळी. ऑलिम्पिकच्या वैयक्तिक सुवर्णपदकांची यादीच बघा. १९८४ आलेरिश, १९८८ आणि १९९२ रेम्ब्रांट, १९९६ गिगोलो, २००० बॉनफायर, २००४ आणि २००८ सालिनेरो, २०१२ आणि २०१६ व्हॅलेग्रो. लागोपाठ नऊ ऑलिम्पिक, आणि जिंकणारा प्रत्येक घोडा खच्ची केलेला. त्यानंतरची दोन डालेराची, म्हणजे घोडीची. पूर्ण नर जिंकल्याचं उदाहरण हवं तर १९७२ च्या म्युनिकपर्यंत मागे जावं लागतं. तिथे लिझेलॉट लिन्सेनहोफने ज्या नरावर सुवर्ण जिंकलं त्याचं नावच पियाफ होतं.

कारण व्यवहारी आहे. पूर्ण नर सांभाळणं कठीण, घोड्या जवळ असल्या की त्याचं लक्ष उडतं. शिवाय पैदास आणि स्पर्धा या दोन्ही नोकऱ्या एकाच वेळी करायच्या म्हणजे ओढाताण. म्हणून समितीने नाकारलेले बहुतेक नर लहानपणीच खच्ची होतात आणि शांतपणे शिकत राहतात. परिणाम असा की या खेळातले सर्वांत मोठे तारे वंशावळीच्या तक्त्यात कायम डाव्या टोकालाच दिसतात. त्यांच्यापुढे काहीच नाही. त्यांचं रक्त पुढे नेतात ते बाप, भाऊ, बहिणी. व्हॅलेग्रोला मुलं नाहीत, पण नेग्रोची मुलगी थुया हिचा मुलगा ग्लॅमरडेल याने २०२२ मध्ये हर्निंगला जागतिक विजेतेपद मिळवलं आणि पॅरिस ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक कांस्य. तो पूर्ण नर आहे.

यावर एक अजब उपायही निघाला आहे. खच्ची केलेल्या विजेत्याचा क्लोन काढायचा आणि त्याला पैदाशीला वापरायचं. उड्यांच्या खेळातल्या जेम ट्विस्ट या अमेरिकन घोड्याचा असा क्लोन २००८ मध्ये जन्मला. घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ पासून क्लोन घोड्यांना स्पर्धेत उतरायलाही मुभा दिली. क्लोनला पत्ते तेच मिळतात. गर्भाशय, कुरण आणि स्वार निराळे असतात, आणि वर सांगितलेल्या दशांशांचा हिशेब इथेही चुकत नाही.

आईकडची बाजू

जाहिरातीत बापाचं नाव ठळक असतं. त्याला साधं कारण आहे. लोकप्रिय नराला कृत्रिम रेतनामुळे शेकडो, कधी हजारो मुलं होतात. गोठवलेलं वीर्य समुद्रापार जातं, नराने तबेला सोडायचीही गरज नसते. (थरोब्रेडमध्ये याला बंदी आहे. तिथे नैसर्गिक संयोगातून जन्मलेल्या शिंगरालाच नोंद मिळते.) घोडी अकरा महिने एक शिंगरू वाढवते, आयुष्यात दहा-पंधरा. म्हणून बापाबद्दल भरपूर माहिती साठते, आईबद्दल थोडी. माहिती थोडी म्हणजे महत्त्व थोडं, असा अर्थ लोक परस्पर काढून बसतात.

वेस्टफालियातल्या एका घोडीचं उदाहरण घ्या. डोडोना तिचं नाव. तिचा मुलगा आलेरिश. राइनर क्लिम्के त्याच्यावर बसून १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला सुवर्ण जिंकले. आलेरिशची सख्खी बहीण अडोने. तिला रोमाडूर दुसरा या नरापासून १९७७ मध्ये रेम्ब्रांट झाला. निकोल उपहोफने त्याच्यावर सोल आणि बार्सिलोना अशी लागोपाठ दोन वैयक्तिक सुवर्णं घेतली. १९८४ ते १९९२ अशी सलग तीन ऑलिम्पिकची वैयक्तिक सुवर्णं एका घोडीच्या लेकाने आणि नातवाने घरी नेली. सामान्य प्रेक्षकाला डोडोनाचं नाव ठाऊकही नसतं.

आई अर्ध्या गुणसूत्रांखेरीज आणखी काही देते. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियांची जनुकं फक्त तिच्याकडून येतात. अकरा महिन्यांचं गर्भाशय तिचं. पुढचे सहा महिने शिंगरू तिच्याच पायात घुटमळतं. माणूस जवळ आला की दचकायचं की मान पुढे करायची, हे तिच्याकडे बघूनच ठरवतं. जर्मनीच्या होलश्टाइन भागातले पैदासकार घोड्यांच्या मातृकुळांना क्रमांक देऊन पिढ्यान्‌पिढ्या नोंद ठेवतात, आणि तिथे शिंगरू विकताना हा क्रमांक आधी सांगतात. ही पद्धत जास्त शहाणपणाची म्हणायला हरकत नाही.

अलीकडे गर्भ प्रत्यारोपणामुळे थोडा समतोल येतो आहे. स्पर्धेत खेळणाऱ्या घोडीचा गर्भ दुसऱ्या घोडीच्या पोटी वाढवता येतो, त्यामुळे तिला खेळ न सोडता मुलं होतात.

आकडे आणि त्यांच्या पळवाटा

नराची किंमत ठरवायला आता निर्देशांक काढतात. त्याच्या मुलांचे गुण घ्यायचे, त्याच वयाच्या आणि त्याच काळात तपासलेल्या इतर घोड्यांशी तुलना करायची, आयांच्या दर्जाचा हिशेब वजा करायचा. सरासरी १०० धरून नर किती वर वा खाली, ते छापायचं. पद्धत भक्कम आहे, पण एक भोक बुजवणं कठीण. नामवंत बापाचं शिंगरू महाग, ते घेणारा श्रीमंत, त्याच्याकडे उत्तम प्रशिक्षक आणि पशुवैद्य. अनोळखी बापाचं तितकंच गुणी शिंगरू साध्या शेतकऱ्याकडे राहतं आणि मोठ्या मैदानाचं तोंड बघत नाही. दहा वर्षांनी यशस्वी मुलांची यादी निघते तेव्हा ती त्या नामवंत बापालाच आणखी मोठं करते.

दुसरी अडचण काळाची. फेरो १९८७ चा, त्याचा मुलगा नेग्रो १९९५ चा, व्हॅलेग्रो २००२ चा आणि सुवर्ण २०१२ चं. आजोबापासून नातवाच्या पदकापर्यंत पंचवीस वर्षं. पैदासकाराला इतकं थांबणं परवडत नाही. तो पाच-सहा वर्षांच्या तरुण घोड्यांच्या स्पर्धांवर भिस्त ठेवतो. तिथे डोळ्यात भरते ती उंच, भपकेबाज दुडकी. पियाफचा भार पेलणारे मागचे पाय तिथे तपासलेच जात नाहीत. पंचवीस लाखांची दुडकी आणि पाच रुपयांचा पियाफ अशी जनावरं बाजारात त्यामुळेच दिसतात.

तिसरी अडचण गर्दीची. सगळे त्याच चार-पाच नरांकडे धावले की काही पिढ्यांत प्रत्येक घोडीच्या तक्त्यात तीच नावं दोन-दोनदा दिसू लागतात. रक्त जवळ आलं की लपलेले दोष उघड होतात. वॉर्मब्लडमध्ये नाजूक कातडीचा एक आजार आहे. त्यात शिंगराची त्वचा आणि सांध्यांचे बंध इतके कच्चे असतात की ते जगत नाही. एका जनुकातल्या एका चुकीमुळे हे होतं. ती चूक एकाच बाजूने आली तर घोडा धडधाकट असतो, वाहक असल्याचा पत्ताही लागत नाही. दोन्ही आईबाप वाहक असले तर दर चार शिंगरांत एकाला आजाराची शक्यता. युरोपीय वॉर्मब्लडमध्ये सुमारे दहा टक्के घोडे वाहक आढळले आहेत. २०१८ पासून या विषयाची उघड चर्चा सुरू झाली आणि नोंदवह्यांनी पैदाशीच्या नरांची चाचणी करून निकाल जाहीर करायला सुरुवात केली. केसाच्या मुळावरून ही चाचणी होते. वाहक नराला बाद करायची गरज नाही. वाहक घोडीशी त्याचा जोडा लावायचा नाही, एवढंच. वंशावळीचा हा उपयोग पदकाच्या भाकितापेक्षा कितीतरी खात्रीचा आहे, आणि तरी विक्रीच्या माहितीपत्रकात त्याला शेवटच्या पानावर जागा मिळते.

भारतीय स्वार, युरोपातला घोडा

सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्ण मिळवलं. घोडेस्वारीतलं हे ४१ वर्षांनंतरचं सुवर्ण. अनुष अगरवाला, सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंह आणि मुंबईचा हृदय छेडा अशी ती चौकडी. अनुषने वैयक्तिक कांस्यही मिळवलं आणि पुढे पॅरिस ऑलिम्पिकमध्ये सर कॅरामेलो ओल्ड या घोड्यावर तो उतरला. वरची चौकट वाचली असेल तर शेवटच्या ‘ओल्ड’चा अर्थ वाचकाने एव्हाना लावला असेल.

भारतात क्लबांतून स्वारी शिकणाऱ्या मुलांना बहुधा शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड मिळतात. ते गुणी असतात, सुरुवातीच्या पातळ्यांवर उत्तम काम करतात. पण त्यांच्या कित्येक पिढ्या लांब टांग टाकून सरळ पळण्यासाठी निवडल्या गेल्या. मागच्या पायांवर बसण्यासाठी नाही. म्हणूनच वर चढू पाहणारा भारतीय स्वार जर्मनी-हॉलंडची वाट धरतो आणि तिथे घोडा निवडताना कूळ बघतो. त्याने काय बघावं? मातृकुळात ग्रां प्रीपर्यंत पोचलेली जनावरं किती, बापाची मोठी झालेली मुलं तब्येतीने टिकली का, आणि दोष-चाचणीचा कागद. त्यानंतर तक्ता मिटून प्रत्यक्ष घोड्याचे मागचे पाय बघावेत.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठीही आठ वर्षांची अट आहेच. तिथे उतरणारा प्रत्येक घोडा २०२० किंवा त्याआधी जन्मलेला असणार. त्यांचे आईबाप केव्हाच ठरून गेले आहेत.